कोरा रकाना

देवराव मास्तरला मी त्याच दिवशी सांगितलं होतं, की हा कागद पाठवू नका. ऐकेल तर तो मास्तर कसला!

एकसष्ट सालचा जून. पांढरकवड्याच्या शाळेत तो गणित शिकवायचा, आणि कापसाच्या हंगामात रोज सकाळी शाळेआधी आमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची पारख करायचा. मी तिथला मुनीम. मास्तर बैलबंडीतला मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि प्रत सांगून चिठ्ठीवर लिहायचा. शेतकरी जिनाचे मालक बापूजी शेठ यांचं ऐकत नसत, त्याच्या अंगठ्याचं ऐकत. त्याचा बाप उकंडा याच जिनात हमाल होता, जन्मभर पगारपत्रकावर अंगठा उठवत गेला. म्हणून हा सही करायचा ती पूर्ण, ठासून: देवराव उकंडा भगत. त्या सहीचा त्याला फार अभिमान.

त्याच्या घरी गेलो तर हा इन्कम टॅक्सचा फॉर्म भरत बसलेला. शाळेचा पगार तीन हजार लिहिला होता. त्याखाली स्वच्छ अक्षरात: 'कापसाची पारख, बंडीमागे चार आणे, एकूण रुपये पंधराशे.'

"मास्तर, हे काहून लिहून राह्यले? जिनातला पैसा रोकडा भेटते. कोणाले माहीत आहे?"

"मले माहीत आहे ना, मारोतभाऊ."

छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्याचं हे असं होतं. खोटं बोलणार नाही म्हटलं म्हणजे बोलणार नाही. त्याची बायको कोकिळा चहा ठेवत म्हणाली, "भाऊजी, ऐंशी रुपयं कर भरा लागते म्हणे. मी म्हटलं, भरा. आपल्या घरून सरकारले कर जाते, माह्या सासऱ्यानं हे सपनातही नसन पाह्यलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र त्या दोघांचा संताप आला.

कारण गणिताच्या मास्तरला स्वतःचंच गणित दिसलं नव्हतं. पंधराशे रुपये, बंडीमागे चार आणे. चौथीतलं पोरगंही सांगेल, सहा हजार बंड्या. आणि आमच्या जिनाच्या वहीत खरेदी होती साडेतीन हजार बंड्यांची; उरलेल्या अडीच हजार लपवलेल्या. ती वही माझ्याच हातची होती.

श्रावणात यवतमाळच्या इन्कम टॅक्स ऑफिसातून शेठना पत्र आलं. किती बंड्या घेतल्या, सगळी दप्तरं घेऊन या. बापूजी शेठ चिडले नाहीत. चिडले की ते दोन शिव्या देऊन मोकळे होत. त्या दिवशी त्यांनी पत्राची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "मास्तरले चहाले बोलवा. पेढे आणा."

मास्तर आला. जिन बंद होतं, आवारात कुत्रंही नव्हतं. शेठ त्याच्याशी इतकं गोड बोलले की मला तिथं बसवेना. "तुमच्यासारखा इमानदार माणूस नाही," म्हणाले. "फक्त काही चिठ्ठ्या जुन्या झाल्या. मुनीमजींनी नव्या वहीत उतरवल्या आहेत. पानापानावर सही देऊन टाका."

ती वही मी तीन दिवस बसून लिहिली होती. तारीख, बंडीचा नंबर, वजन, प्रत, सगळं मास्तरच्याच चिठ्ठ्यांवरून, बिनचूक. बंड्या मात्र अडीच हजारच. शेवटचा रकाना कापसाच्या मालकाचा होता आणि तो शेठनी मला कोरा ठेवायला सांगितला होता. कायले, ते मी विचारलं नव्हतं. पण मला समजलं नव्हतं असं म्हणालो तर माझ्या तोंडात किडे पडतील.

मास्तरने पानं तपासली. मग बोट ठेवून विचारलं, "हा रकाना कोरा काहून?"

शेठ पेढा खात होते. मी म्हणालो, "शेतकऱ्यांची नावं मागून भरतो."

"तुम्ही म्हणता तर ठीक," म्हणत त्याने पानापानावर ती पूर्ण सही केली. तो फाटकाबाहेर पडल्यावर शेठनी दौत माझ्याकडे सरकवली. मी भरायला बसलो. प्रत्येक ओळीत एकच नाव: देवराव उकंडा भगत. म्हणजे अडीच हजार बंड्या कापूस मास्तरच्या मालकीचा, त्याचाच धंदा, आमच्याकडे फक्त मजुरीने सरकी काढून घेतलेला. मला पेन्शन नाही, दोन पोरी लग्नाच्या. ही कारणं तेव्हाही होती, आजही आहेत, आणि एकही पुरत नाही.

दसऱ्याआधी मास्तरच्या हाती नोटीस पडली. लपवलेल्या धंद्यावरचा कर, वर दंड. आकडा असा की त्याचा दहा वर्षांचा पगार पुरला नसता. शाळेच्या कमिटीलाही कोणीतरी कळवलं होतं. तो माझ्याकडे आला. वहीतलं अक्षर कोणाचं, हे त्याने विचारलंच नाही. ते असह्य होतं.

"शेठनं तुमच्याकून जबरीनं लिहून घेतलं असन," तो म्हणाला. "उद्या सातच्या गाडीनं साहेबाकडं चाला. तुम्ही फक्त खरं सांगा. येता ना?"

"येतो."

सकाळी मी स्टँडसमोरच्या हॉटेलात आत बसून राहिलो. मास्तर गाडीत खिडकीशी होता, शेजारच्या जागेवर रुमाल टाकून त्याने ती माझ्यासाठी धरली होती. एक माणूस बसायला आला तर हात आडवा घातला. गाडी हलली तरी तो मान बाहेर काढून रस्ता बघत होता.

मी तसाच जिनात गेलो. शेठ गादीवर बसले होते, पुढ्यात पेढ्यांचा पुडा आणि एक नवी वही. "या, मुनीमजी," ते गोड आवाजात म्हणाले. "पानापानावर सही देऊन टाका."

शेवटचा रकाना कोरा होता. मी सही केली.