चारशे बारावं पान

माझ्या जिभेला हाड नाही, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको. वीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवतेय. "हा डाग आधी नव्हता" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलून माणसाची जीभ अशीच होते. पण ती दुकानात ठेवून घरी यायचं असतं, हे मला उशिरा कळलं. आणि ते भोगलं माझ्या वडिलांनी.

बाबा विद्यापीठाच्या काचशाळेत होते. प्राध्यापकांना प्रयोगासाठी लागणारे चंबू, नळ्या, बाजारात कुठेच न मिळणारे वेडेवाकडे आकार ते ज्योतीवर काच तापवून आणि तोंडानं फुंकून बनवायचे. छत्तीस वर्षं तेच केलं. आता वय एक्याऐंशी. गाल सैल पडलेत आणि बोटांच्या टोकांना गरम-गार फारसं कळत नाही, उकळता चहासुद्धा पेल्याला हात लावून खुशाल उचलतात.

त्यांची एक गोष्ट होती. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ. एका सरांचा प्रयोग अडला होता, कारण नळी दरवेळी तडकायची. बाबांनी स्वतःच्या डोक्यानं तिला वेगळा वळसा दिला आणि ती टिकली. पुढे सरांनी त्यांना खोलीत बोलावून निळ्या मुखपृष्ठाचं एक पुस्तक दाखवलं. पातळसं, बोटभर जाडीचंसुद्धा नव्हतं. त्यात बाबांचं नाव छापलेलं होतं. पान चारशे बारा.

इथंच घोडं पेंड खायचं. माझा दादा ऑडिटर. आकडा दिसला की त्याचं डोकं आपोआप चालू होतं. कॉलेजात असतानाच त्यानं घरातली एक जाडजूड कादंबरी आणून बाबांसमोर आपटली होती आणि दाखवलं होतं, की चारशे पानं म्हणजे एवढी जाडी. बोटभर नसलेल्या पुस्तकात चारशे बारावं पान येणार कुठून? त्या दिवसापासून बाबांचं नाव पडलं 'चारशे बारा'. पुढे नातवंडंही मागून तेच म्हणायला लागली. बाबा हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगायचे. आकडा मात्र कधी बदलला नाही त्यांनी. थापा मारणारा माणूस एवढी टर उडवल्यावर निदान पान तरी कमी करतो, हे आमच्या टाळक्यात आलं नाही.

चार महिन्यांपूर्वी दादाच्या मुलीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली. बाबांनी गोष्ट सुरू केली, मी सरबताचा ट्रे घेऊन उभी. ते पानाच्या आकड्यापाशी आले आणि मी म्हणाले, "बाबा, पुरे करा आता. हसतात लोक."

लोक हसलेच. बाबाही हसले. पण त्यानंतर ती गोष्ट घरात कुणी ऐकली नाही. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग हळूहळू लक्षात आलं, की ते बाकीचंही बोलेनासे झालेत. जेवलात का विचारलं तर मान हलवायची, बस्स. दादा म्हणाला, वय झालं. मला माहीत होतं, हे वयामुळे नाही, माझ्यामुळे झालं होतं.

म्हणून एका मंगळवारी दुकान बंद ठेवून मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. कुणाला सांगितलं नाही. ते पान सापडलं तर बाबांचे पाय धरायचे, एवढंच ठरवलं होतं. आणि नाही सापडलं तर काय, हा विचार मी पुढे ढकलत होते. कारण मग मी म्हणाले ते बरोबर ठरणार होतं, आणि मला बरोबर ठरायचं नव्हतं.

पहिल्या काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरवर बाबांचं नाव घातलं. काही नाही. आडनाव घातलं, तर कुठल्यातरी शेतीतज्ज्ञाची तीन पुस्तकं निघाली. ती म्हणाली, तुमचे वडील लेखक नाहीत. मी म्हटलं, बाई, ते मलाही माहीत आहे. मग तिनं मला मागच्या इमारतीत, नियतकालिकांच्या विभागात पाठवलं. जाऊ दे ब्याद, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

नियतकालिकांच्या बाई साठीला टेकलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. कोपरापर्यंत धूळ. मी सगळी गोष्ट सांगितली, आणि सवयीप्रमाणे चारशे बारापाशी आले तेव्हा स्वतःच आधी हसून घेतलं. बाई हसल्या नाहीत. हातातलं पेन खाली ठेवलं.

"पुस्तक किती जाड होतं म्हणालात?"

"बोटभरसुद्धा नाही."

"आणि पान चारशे बारा? दरवेळी तेच सांगतात?"

"पन्नास वर्षं तेच."

"मग ते खरं सांगताहेत," बाई म्हणाल्या.

त्यांनी मागच्या फळीवरून एका मासिकाचा नवा, पातळ अंक काढला आणि माझ्यासमोर उघडला. पहिल्याच पानावर आकडा होता सहाशे एकोणचाळीस. असल्या नियतकालिकांचं असंच असतं म्हणाल्या. जानेवारीच्या अंकाचं पान एकपासून सुरू होतं, पण फेब्रुवारीचं नाही. जानेवारी जिथं संपला तिथून फेब्रुवारी पुढे, असं करत डिसेंबरपर्यंत एकच माळ. वर्षाअखेर सगळे अंक एकत्र बांधले, की त्याचा एक खंड होतो आणि पानं सलग लागतात. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्यानं थाप मारली असती तर पान सतरा म्हटलं असतं.

मी त्या सहाशे एकोणचाळीसकडे बघत राहिले. दादानं आपटलेली कादंबरी आठवली, मुलांचं खिदळणं आठवलं, माझा तो सरबताचा ट्रे आठवला. इतकी वर्षं आम्ही ज्या आकड्यावरून त्या माणसाला खोटं पाडलं, तोच त्याचा पुरावा होता. कानशिलं तापली माझी. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग त्या कामाला लागल्या. सरांचं नाव मला माहीत होतं. ते वारून जमाना झाला, पण लेख ढीगभर लिहिलेले, आणि त्या काळातले लेख कॉम्प्युटरवर चढवलेले नव्हते. बाबांच्या सांगण्यातून एवढं कळायचं, की तेव्हा दादा जन्मला होता आणि मी व्हायची होते, म्हणजे आमच्या दोघांमधली पाच वर्षं. सर लिहायचे ती नियतकालिकं तीन. निळं मुखपृष्ठ काही कामाचं नव्हतं, कारण बांधणी करताना मुखपृष्ठं काढून टाकतात. राहिले पंधरा खंड. आणि प्रत्येकात एकच पान उघडायचं होतं. बाईंचा मदतनीस रजेवर होता, म्हणून त्या मला म्हणाल्या, चला माझ्याबरोबर खाली.

खाली म्हणजे तळघर. दिवा लावला तर समोर नुसती लोखंडाची भिंत. प्रत्येक भागाला बाहेरून एक चाक. बाईंनी चाक फिरवलं आणि ती भिंत हळूच सरकली, मध्ये माणूस जाईल एवढी वाट झाली. दोन्हीकडे फळ्यांवर जमिनीपासून छतापर्यंत खंडांच्या तपकिरी पाठी, सोनेरी आकडे. बाईंनी पुढचं चाक फिरवलं, पुन्हा वाट. त्यापुढचं, पुन्हा. असे दोन मजले आहेत म्हणाल्या. मी आ वासून उभी. माझ्या दुकानात तीनशे कपडे असतात, त्यातला एक कोट दर महिन्याला बेपत्ता होतो आणि मी गिऱ्हाइकाची बोलणी खाते. इथं लाखो. आणि प्रत्येकाला आपली जागा, पन्नास-पन्नास वर्षं कुणी हात लावला नसेल तरीसुद्धा. कोण कुठला माणूस कधीतरी येईल आणि मागेल, एवढ्यासाठी हे सगळं कुणीतरी सांभाळून ठेवलं होतं. माझा आवाज आपोआप खाली गेला.

पहिल्या नियतकालिकाचे पाच खंड बघितले. एका चारशे बाराव्या पानावर नुसते तक्ते, दुसऱ्यावर आलेख, तिसऱ्यावर कुणाच्या तरी निधनाची बातमी. काही नाही. दुसऱ्याचे पाच. काही नाही. दहा झाले तशी माझी पाचावर धारण बसली. बाई मात्र प्रत्येक खंड दोन्ही हातांनी काढायच्या, बघायच्या आणि जागच्या जागी ठेवूनच पुढचा घ्यायच्या. मी म्हटलं, राहू द्या ना बाहेर, नंतर ठेवू. त्या म्हणाल्या, एक खंड चुकीच्या जागी गेला की तो जळाल्यासारखाच.

अकरावा. बारावा. त्यात चारशे बाराव्या पानावर एक लेख संपत होता आणि खाली अगदी बारीक टाइपात चार ओळी होत्या. मी वाचायच्या आधी मला आमचं आडनाव दिसलं. आपलं आडनाव कुठल्याही गर्दीत दिसतं माणसाला.

लिहिलं होतं, की या प्रयोगातली नळी लेखकांनी योजलेली नाही. लेखकांची नळी अकरा वेळा तडकली. त्यानंतर विद्यापीठाच्या काचशाळेतल्या या गृहस्थांनी, आणि इथं बाबांचं नाव होतं पूर्ण, वडिलांच्या नावासकट, ती स्वतः नव्यानं योजली आणि घडवली. त्यांच्यावाचून हे मोजमाप झालं नसतं.

मी तिथंच लोखंडी स्टुलावर बसून रडले. लाजायचं काय त्यात? बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी पान बोटानं धरून ठेवलं होतं.

मला वाटलं काम झालं. पण बाई म्हणाल्या, आता वर चला, पुढे काय झालं ते बघू. वर विटेएवढ्या जाड सूचींची रांग होती. अक्षर मुंगीएवढं. कुठल्या लेखाचा उल्लेख पुढे कुणी, कुठं केला, एवढंच त्यात नोंदवलेलं असतं, दर वर्षाला. बाई भिंग घेऊन बसल्या. अलीकडची वर्षं त्यांनी कॉम्प्युटरवर बघितली. दोन तासांनी कागदावर एकतीस नोंदी होत्या. त्यातल्या ग्रंथालयात असतील तेवढ्या आम्ही काढल्या.

पहिल्या काहींमध्ये बाबांचं पूर्ण नाव होतं. नंतरच्यांत फक्त आडनाव. आणि पुढे पुढे तर कसली ओळखही नाही, नुसतं आमचं आडनाव आणि त्याला जोडून नळी. इतकं घ्या, इतकं तापवा, अमुक नळीतून सोडा. एका नियतकालिकाची लिपीसुद्धा मला वाचता येत नव्हती, पण आकृती तीच, तो वळसा तोच. मी विचारलं, इथं बाबा कोण ते का नाही लिहिलं? बाई म्हणाल्या, वस्तू सगळ्यांची झाली की कोण ते लिहीत नाहीत. सगळ्यात शेवटचा उल्लेख तीन वर्षांपूर्वीचा होता.

आम्हाला वाटत होतं हा माणूस फुगवून सांगतो. आणि प्रत्यक्षात जे घडलं होतं त्याच्यापुढे त्यानं सांगितलेलं काहीच नव्हतं, कारण पुढचं त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना रिक्षात घातलं आणि घेऊन गेले. कुठं ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. बाईंनी लांब टेबलावर अकरा खंड उघडून मांडले होते. बाबांना मी चारशे बाराव्या पानासमोर बसवलं. त्यांनी त्या चार ओळींवर बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते तिथंच होतं. मग बाईंनी त्यांना बाकीचे खंड एकेक करून दाखवले. ते घाबरल्यासारखे झाले. हे सगळे कोण लोक, विचारलं. मी म्हटलं, तुमची नळी वापरणारे. त्या वाचता न येणाऱ्या लिपीतल्या आकृतीवर ते वाकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, हा वळसा उलटा काढलाय, असा केला तर तडकेल. त्यांना कळवता येईल का? बाईंनी गंभीरपणे ते टिपून घेतलं.

मी म्हणाले, "बाबा, चुकले मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"तुझं काय चुकलं? मलाच वाटायला लागलं होतं, की नसेल छापलं. सरांच्या खोलीत मीच काहीतरी भलतं पाहिलं असेल." मग म्हणाले, "गेल्या महिन्यात तर मी स्वतःशी कबूलच केलं होतं."

माझ्या एका वाक्यानं त्या माणसाच्या डोक्यातून ते पान फाडलं होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले. तो भाजल्या-पोळल्या कातडीचा खरखरीत हात खंडावरून हलेना.

निघायला तीन वाजले. फाटकापाशी वॉचमन खुर्चीत बसला होता. बाबा त्याच्यासमोर थांबले, काठी टेकली आणि गोष्ट सुरू केली. सर, तडकणारी नळी, निळं पुस्तक, पान चारशे बारा. आता पुढे शेपूटही होतं, एकतीस नोंदींचं. वॉचमन बिचारा हो हो करत होता. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, मी त्याला हातानं थांब म्हटलं.

"आणि हे सगळं हिनं शोधलं," बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "माझी मुलगी. दुकान बंद ठेवून आली. हिला पहिल्यापासून खात्री होती."