तांदळातलं नाव

कडा गावातल्या त्या घरात विक्रांत रणदिवे नावाचा माणूस कधी राहिला नाही. पण त्याच्या साऱ्या रहस्यकथा तिथल्याच स्वयंपाकघरात लिहिल्या गेल्या. रसायनशास्त्र शिकलेली उज्ज्वला लग्न होऊन आली आणि दुपारची झाकपाक झाली की लिहायला बसू लागली. खुनाच्या कथा रणदिवेच्या नावावर, हेरकथा मेजर भार्गवच्या, भुताखेतांच्या आणखी कुणाच्या. सासरे राजकारणात. सून विषं आणि मुडदे लिहिते हे गावाला कळायला नको, एवढंच नवऱ्यानं, परमेश्वरनं, सांगितलं होतं. प्रकाशकालाही पुरुषाचंच नाव हवं होतं. तिनं वाद घातला नाही.

आता सासरे नव्हते. प्रकाशकाची मुलगी प्रियदर्शनी कारभार बघत होती. तिनं सकाळी फोनवर विचारलं, नव्या कादंबरीवर तुमचं खरं नाव टाकू या का? संध्याकाळपर्यंत कळवा.

खरं म्हणजे कोणतं? माहेरी ती संगीता होती. सासरी नणंदही संगीताच. एका घरात दोन संगीता कशा चालतील, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘उज्ज्वला’ लिहिलं गेलं. ते नाव सासूनं, गीताबाईंनी निवडलेलं. आईवडील गेले, आणि तिला संगीता म्हणणारं कुणी उरलं नाही. पुस्तकावर ते नाव यावं असं तिला फार वाटे. त्याहून वाटे, कुणी त्या नावानं हाक मारावी.

गीताबाई रणदिवेच्या पुस्तकांवर जीव टाकत. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून सूनच वाचून दाखवी. त्या दुपारीही ती नव्या कादंबरीचा शेवट वाचत होती. एकाची गाय मरते, तो शेजाऱ्यावर विषाचा आळ घेतो, त्यातून खून होतो. शेवटी इन्स्पेक्टर दाखवून देतो की पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीतच विष होतं. गाय ती खाऊन मेली.

“आपली कपिली अशीच गेलती,” गीताबाई म्हणाल्या.

“हो, आत्या.”

“तवा तूच म्हणलीस, कोवळ्या ज्वारीत इख असतंय. कुनाला पटलं न्हाई. हा रणदिव्या लई दिस आपल्यातच जेवतोय वाटतं.”

उज्ज्वलाचं बोट ओळीवरच राहिलं. कधीपासून ठाऊक आहे, असं तिनं हळूच विचारलं.

“चोर कोन ते आदीच सांगून टाकलं, तर मजा काय ऱ्हाती?”

मग तिनं फोनचं सांगितलं. माहेरचं नाव द्यायचं मनात आहे, हेही. गीताबाई पदराचा काठ चाचपू लागल्या. तांदळातलं नाव आपणच निवडलं होतं, तेव्हा तुला विचारलं नव्हतं, असं काहीसं पुटपुटल्या.

“आत्या, एकदा हाक मारा ना त्या नावानं.”

“आता? हितं बसल्या बसल्या?”

“हो.”

म्हातारीनं घसा साफ केला. आयुष्यभर लेकीला मारली तशीच, लांब, घरभर जाईल अशी हाक मारली. “संगीताऽ!”

उज्ज्वलानं वळून दाराकडे पाहिलं. नणंद आली की काय, असं तिला वाटलं. दारात कुणीच नव्हतं. उंबऱ्यावर नुसतं ऊन पडलं होतं.

“तुलाच म्हनतीय गं.”

“ओ,” ती म्हणाली. फार उशिरा.

गीताबाईंनी मग पुन्हा हाक मारली, आणि तिनं पुन्हा ओ दिली, थोडी लवकर. मग मोबाइल घेऊन तिनं प्रियदर्शनीला एकच शब्द लिहिला. आडनाव विचारलं, तेव्हा कळवलं, नको.