माझ्या तारा कोणी जोडेल का?

मित्रांनो, माझे नाव ईएलसीबी. नाव अवघड आहे, म्हणून घरातले मला डब्बाच म्हणतात. गोंडपिपरीजवळच्या एका गावात, केसरबाईंच्या घरी, मीटरशेजारच्या भिंतीवर मी अकरा वर्षे आहे.

कारखान्यात मला एकच काम शिकवले. घरात जाणारी वीज आणि परत येणारी वीज सतत ताडून पाहायची. जेवढी गेली तेवढी आली, तर गप्प बसायचे. थोडी जरी कमी आली, तर ती कुठेतरी गळते आहे, कदाचित कोणाच्या तरी अंगातून जमिनीत उतरते आहे, असे समजून पापणी लवायच्या आत लाईट तोडायची.

केसरबाईंचा मुलगा नागसेन ऊर्जानगरला एका ठेकेदाराकडे वायरमन आहे. आठवडाभर तिकडेच असतो. मला त्यानेच आणून बसवले. "आई, हा डब्बा हाय तोवर तुले करंट नाई लागत," असे तो म्हणाला, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

यंदा मे महिन्यात लोखंडी कूलरच्या पंपाची वायर खराब झाली. वीज पत्र्यात आणि पत्र्यातून ओल्या फरशीत उतरू लागली. मी दर दहा मिनिटांनी लाईट तोडायचो आणि घरातले मलाच शिव्या द्यायचे. बाहेर शेचाळीस डिग्री ऊन. मागच्या उन्हाळ्यात लू लागून केसरबाई चार दिवस दवाखान्यात होत्या. रविवारी आलेल्या नागसेनने आईचा लालबुंद चेहरा पाहिला. त्याने माझ्या तारा काढल्या आणि मला वगळून एकमेकींना थेट जोडून टाकल्या.

"आता नाई जात लाईट. झोप तू आरामात."

आईच्या मायेपोटीच केले त्याने. पण ज्याला सगळे कळते, त्यानेच हे करावे? मला अजून पटत नाही.

त्या दिवसापासून मी नुसता भिंतीवर आहे. केसरबाई रोज दुपारी अनवाणी यायच्या आणि चालू कूलरमध्येच पाणी भरायच्या. मी रोज जीव मुठीत धरून बघायचो. गेल्या मंगळवारी त्यांचा हात पत्र्याला चिकटला. त्यांना ओरडताही येईना. मी चार हातांवर होतो आणि माझा काहीही उपयोग नव्हता. तेवढ्यात सगळ्या गावाचीच लाईट गेली आणि त्या खाली पडल्या. तळहात भाजला, पण वाचल्या.

नागसेन संध्याकाळी धावत आला. आईच्या पायाशी बसून रडला. "डब्बा जोडूनच जातो," म्हणाला. पंपाच्या वायरला त्याने टेप गुंडाळली. कूलर नीट चालू लागला. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला आणि तो तसाच निघून गेला.

आज केसरबाई हाताला पट्टी बांधून खाटेवर पडल्या आहेत. सून नूतन नुकतीच अंगणवाडीतून आली.

"नूतन, तो डब्बा जोडला का वं नागसेननं?"

नूतन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या अंगावर 'टी' लिहिलेले बटण आहे. ते तिने दाबले. पंखा फिरतच राहिला.

"हो आई, चांगला हाय. लाईट नाई गेली." तिचा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, इथेच माणसे चुकतात. ते बटण दाबल्यावर लाईट गेलीच पाहिजे. नाही गेली, तर मी मेलो आहे असे समजा आणि वायरमनला बोलवा. महिन्यातून एकदा मला असे तपासा. मी सारखी लाईट तोडत असेन, तर मला काढून टाकू नका, बिघाड शोधा. आणि कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा.

हे मी तुम्हाला सांगू शकतो, तिला नाही. पंपाची टेप भिजून सुटली आहे. कूलर चालू आहे. नूतनने पाण्याचा पाइप उचलला आहे. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल, तर कृपा करून आत्ता हाक मारा.