संचिताचा टायफॉईड

मानपाड्याच्या त्या दवाखान्यात रंगूबाईचा नंबर लागला की बाहेर बसलेले पेशंट आपापली दुखणी मांडीवर ठेवून कान टवकारत. बाईचं सांगणंच तसं होतं. तिनं सर्दी सांगायला घेतली की ऐकणाऱ्यांची नाकं वाहत. एकदा तिनं स्वतःच्या गुडघ्याचं असं काही वर्णन केलं, की संध्याकाळी कंपाउंडर लंगडत घरी गेला आणि त्याच्या बायकोनं त्याला आठवडाभर तेल चोळलं. खोटं वाटत असेल तर तिला जाऊन विचारा.

त्या दिवशी दुखणं सुनेचं होतं. सांगत अर्थातच सासू होती. त्या घरात तशी रीतच. सुनेनं स्टुलावर बसायचं, जीभ दाखवायची, हात पुढे करायचा. तिला काय होतंय ते घरातल्या मोठ्या बाईनं सांगायचं. सून आपल्या तोंडानं दुखणं सांगायला लागली, तर सासरी तिचे हाल होतात असं लोकांना वाटायचं ना!

"डॉक्टर, हिचा खोकला म्हणजे काय सांगू," रंगूबाईनं खुर्ची पुढे ओढली. "ही खोकली की वरच्या मजल्यावरचे बेल वाजली समजून दार उघडतात. पोटुशी बाई, खायला नको, प्यायला नको. त्यात त्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांचा वास! काल असा सुटलेला, पोपट शिंकला आमच्याकडे."

"पोपट आहे तुमच्याकडे?"

"शेजारच्यांचा. पण शिंकला आमच्याकडे बघून."

डॉक्टर पोट धरून हसले आणि हसत हसतच त्यांनी खोकल्याची बाटली लिहून दिली. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. संचिताही हसली. हसता हसता तिला ढास लागली. तोंडाला लावलेला रुमाल तिनं मुठीत चुरगाळून पर्समध्ये टाकला. त्यावर काय उमटलंय ते फक्त तिलाच दिसलं होतं.

ही ढास तिच्या ओळखीची होती. लग्नाआधी, कोपरीला माहेरी असताना, संचिताला टीबी झाला होता. पण तिच्या आईनं, सुमेधाबाईंनी, तो शब्द घरात येऊच दिला नाही. निदान झालं त्याच संध्याकाळी त्यांनी आजाराचं बारसं उरकलं. नाव ठेवलं टायफॉईड. नुसत्या नावावर भागेना, म्हणून पाणीपुरी घातली, चढलेला ताप घातला, देवीला बोललेला नवस घातला, गळलेले केस घातले. गोष्ट इतकी बेतशीर उतरली, की स्टेशनसमोरच्या पाणीपुरीवाल्याला दोन महिने गिऱ्हाईक फिरकेना.

गोळ्यांनी संचिता सुधारत होती. अंग भरलं, चेहऱ्यावर तेज आलं, आणि घात झाला तो तिथेच. तेज दिसलं तसं स्थळ आलं. प्रीतम, एमआयडीसीत कायमची नोकरी, मानपाड्याला स्वतःची जागा. तारीख धरली. गोळ्यांचा कोर्स मात्र अजून उरला होता. त्या गोळ्यांनी लघवीला तांबूस रंग येतो. सासरी संडास एकच. कुणाच्या नजरेला पडलं तर?

"पाकीट घेऊन सासरी जाशील, तर पाकिटासकट परत येशील," सुमेधाबाई म्हणाल्या. "बरी झालीयेस की आता. हळदीला बसायचंय तुला."

हळद लागली त्या दिवसापासून गोळ्या बंद.

खोकल्याची ती बाटली संपायच्या आतच एका सकाळी प्रीतमनं बेसिनमध्ये रक्त पाहिलं. तो घाबरला आणि संचिताला सरळ मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन आला. रंगूबाई बरोबर होतीच. फोन गेला तशा कोपरीहून सुमेधाबाईही धावत आल्या. लेकीच्या काळजीनं धावल्या की गोष्टीच्या, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर नीरजा वयानं संचिताएवढीच असेल. तिनं तपासलं, संचिताला मास्क दिला आणि विचारलं, "याआधी कधी टीबी झालेला? त्याची औषधं घेतलेली?"

प्रश्न एकीला, उत्तरं दोघींची.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही!" रंगूबाई.

"छे हो, टायफॉईड झालेला," सुमेधाबाई. "पाणीपुरी खाल्लेली ना हिनं..."

"पाणीपुरीच ती!" रंगूबाईनं टेकू दिला. "ताप असा चढलेला, हिच्या कपाळावर पापड भाजला असता." तिनं तो ताप जन्मात पाहिला नव्हता. लग्नाच्या बोलणीत ऐकलेला, आवडला म्हणून ठेवून घेतलेला.

"मी यांना विचारलं," नीरजा म्हणाली.

"अहो, ती लाजते."

"लाजू दे. मी थांबते." आणि तिनं पेन खाली ठेवलं.

संचिताच्या खांद्यावर आईचा हात होता. बोटं रुतत होती. दाराशी प्रीतम उभा होता. खरं सांगितलं तर घर जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर काय जाणार, ते पोटात हलत होतं.

"टायफॉईड नव्हता," ती म्हणाली.

स्वतःचं दुखणं सांगायची तिला सवयच नव्हती. शेपटाकडूनच सुरू झालं. "हळदीला बंद केल्या गोळ्या. म्हणजे आधी चालू होत्या. लाल व्हायची ना... म्हणून. त्याच्या आधी खोकला होता. नाही, आधी ताप. संध्याकाळचा यायचा. आता पण येतो." मध्येच अडखळली, मागे गेली, पुन्हा तेच बोलली. रंगूबाईच्या हिशेबानं अगदीच रद्दी गोष्ट. पण नीरजा ती श्वास रोखून ऐकत होती.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "अर्धवट सोडलेला टीबी कधीकधी त्याच गोळ्यांना दाद देत नाही. आधी थुंकी तपासू, मग बाळाला चालेल असं औषध ठरवू. आणि सासर-माहेरच्या सगळ्यांना तपासायला पाठवा."

"वाचतील ना दोघं?" प्रीतम पहिल्यांदाच बोलला.

"उशीर झालाय. पण आता निदान कशाशी लढायचं ते कळलंय."

बाहेर व्हरांड्यात रंगूबाईचा बांध फुटला. "फसवलंत, विहीणबाई! भरल्या मांडवात फसवलंत!"

"हळू बोला हो, लोक बघतायत."

"हळू? घेऊन जा हिला कोपरीला, आत्ताच्या आत्ता. बिल्डिंगमध्ये काय सांगायचं ते मी बघते. पहिलं बाळंतपण माहेरी, कोण काय बोलणार?" रागाच्या भरातही नवी गोष्ट शिजून तयार होती.

"मला तरी सांगायचंस," प्रीतम पुटपुटला.

"दवाखान्यात तू दर वेळी आलेलास. बाहेर बाइकवर बसलेलास."

चिठ्ठी घेऊन तो तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

सुमेधाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "तुझं झालं ते झालं. ऐश्वर्याचा विचार केलास? रविवारी पाहुणे येतायत तिला बघायला. धाकट्या बहिणीचं वाटोळं केलंस गं."

"तिला पण आणायला सांगितलंय तपासायला."

"तिला कशाला? तिला नुसती ॲलर्जी आहे. गणपतीच्या देवळाचं रंगकाम काढलेलं ना, तो वास नाकात बसला, तेव्हापासून जरा..."

त्या थांबल्या. पण देऊळ, रंग, वास, सगळं जागच्या जागी होतं. अशी गोष्ट एका दिवसात बनत नाही, हे संचितापेक्षा जास्त कुणाला कळणार? तिनं फोन काढला.

"ताई! कशीयेस गं? आई पोचली ना?"

"ऐशू, तू खोकतेस?"

"अगं, ते ॲलर्जीचं..."

"आई काय सांगते ते माहितीये मला. तुला काय होतंय?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "ताई, रविवारी लोक येणारेत."

"येऊ देत. तू आत्ता रिक्षात बस आणि इकडे ये. पण आधी सांग."

सुमेधाबाईंनी फोनसाठी हात पुढे केला. संचितानं तो हात धरला आणि खाली केला. सोडला मात्र नाही.

"कुठून सांगू?" ऐश्वर्यानं विचारलं.

"कुठूनही."

"साडी नेसून बघत होते ना रविवारसाठी... माझे सगळे ब्लाउज सैल झालेत, ताई. आईनं टाके घातले आतून..."

व्हरांड्यातून स्ट्रेचर गेलं, चहावाला ओरडत गेला. भिंतीला टेकून संचिता ऐकत राहिली. मध्ये तिनं एकदाही ऐश्वर्याला तोडलं नाही.