नववं रीळ

त्याला सगळे 'दीडतारा' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पेपरात सिनेमाची परीक्षणं लिहायला लागून तीस वर्षं झाली, तरी दीड ताऱ्यांच्या वर त्याचा हात क्वचितच गेला. पाच तारे त्याने आयुष्यात एकदाच दिले, तेही नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, एका राजकीय थरारपटाला. एका मंत्र्याचा खून होतो आणि तो कुणी करवला हे फक्त कचेरीतल्या टायपिस्ट बाईला ठाऊक असतं. शेवटी तिच्या टेबलावरचा फोन वाजतो, ती उचलते, "हो, साहेब," म्हणते आणि पडदा काळा. नामावलीसुद्धा नाही.

"शेवट सांगायला धैर्य लागतं, न सांगायला त्याहून जास्त," असं त्याने लिहिलं आणि एका रात्रीत त्याचं नाव झालं. पुढे गोदामात पाणी शिरून सिनेमाच्या सगळ्या प्रिंटा गेल्या. सिनेमा कुणाकडेच उरला नाही, परीक्षण मात्र सगळ्यांना पाठ.

त्याच सिनेमाचा रिमेक आता त्याच्या सख्ख्या भाचीने केला होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा, घरचं प्रकरण आहे, मी नाही लिहीत. हा कसला ऐकतोय! भाचीने "हो, साहेब"नंतर पंधरा मिनिटं वाढवली होती. टायपिस्ट बाई फोन ठेवते, चालत कोर्टात जाते आणि सगळं सांगून टाकते. शुक्रवारी त्याने दीड तारा दिला आणि मथळा दिला 'मखमलीला ठिगळ'. शनिवारपर्यंत झाडून सगळ्या समीक्षकांनी री ओढली. कुणी 'गोड शेवट' म्हणालं, कुणी 'भित्रा'. मूळ सिनेमा त्यातल्या एकानेही पाहिलेला नव्हता.

रविवारी सकाळी तो ताईकडे गेला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, भाचीची आई आणि मूळ सिनेमाची संकलक. ती चिडलेली असणार, मग आपण तिला न्याय म्हणजे काय ते समजावून सांगणार, अशी त्याने वाटेत तयारी केली होती.

ताई चिडलेली नव्हती. टेबलावर पेपर होता, त्याच्या शेजारी एक गोल पत्र्याचा डबा, आणि तिने हातात पांढरे सुती मोजे चढवलेले होते. फिल्म हाताळताना ती घालायची ते.

"बस," ती म्हणाली. "चहा नंतर देते. आधी हे बघ."

डब्यावरच्या चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात सिनेमाचं नाव होतं, आणि खाली '९'.

"मूळ सिनेमाचं? पण तो आठ रिळांचा होता."

"तू आठ पाहिलीस."

त्याला काही कळेना. ताईने रिळाचं टोक सोडवून खिडकीच्या उजेडात धरलं. तो डोळे बारीक करून बघू लागला. कोर्ट. पिंजरा. त्यात तीच टायपिस्ट बाई, तीस वर्षांपूर्वीची. भाचीच्या सिनेमातलीच फ्रेम, अगदी बाईची मान कलली होती तीसुद्धा.

"समीक्षकांसाठी पहिला खेळ ठेवला, त्या दिवशी नवव्याचा रंग बिघडला म्हणून लॅबने ते परत काढायला घेतलं होतं," ताई म्हणाली. "मी ऑपरेटरला सांगून गेले, आठवं संपलं की थांब, मी डबा घेऊन येतेच. मी दारात पोचले तर दिवे लागलेले आणि तू उभा राहून टाळ्या वाजवतोयस. एकटाच. मग बाकीचेही उठले."

 त्याला आठवलं. टाळ्या वाजवत तो दाराकडे धावला होता, "ताई, काय शेवट केलाय!" म्हणत त्याने तिला मिठी मारली होती आणि काहीतरी टणक त्याच्या बरगडीत रुतलं होतं. तिच्या हातात डबा होता. हा. रिकामा असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. खरं तर काहीच वाटलं नव्हतं.

"तू बोलली का नाहीस?"

"निर्मात्याने ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुझं परीक्षण आलं आणि त्याने सगळ्या प्रिंटांमधून नववं काढायला लावलं. माझ्याच हाताने. दिग्दर्शक दोन दिवस अन्नाला शिवला नाही. मग बक्षिसं यायला लागली, तसा तोही सांगत सुटला की शेवट असाच ठरला होता."

"आणि नंतर? तीस वर्षं, ताई!"

"तुला नोकरी लागून आठवडा झाला होता रे. सांगितलं असतं तर हसून हसून मारलं असतं तुला लोकांनी. मग वर्षं गेली. मग ते वाक्यच तुझी ओळख झालं." तिने टोक पुन्हा नीट गुंडाळलं. "पोरीला संहिता मी दिली. मामाला सांगायचं नाही, अशी शपथही घातली. मला वाटलं, पडद्यावर बघशील तेव्हा तुझं तुलाच कळेल. तू सिनेमा ओळखतोस ना."

हे शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच त्याला ते सोसवेना.  लोकांच्या सिनेमांची सालटी काढत आपण तीस वर्षं हिंडलो, आणि ज्या सिनेमावर उभे होतो तो आपण पुरता पाहिलेलाच नाही!

"त्या पिंजऱ्यात ती काय म्हणते, आठवतं?" ताईने विचारलं. "परवाच पाहिलास."

आठवत होतं. 'खून करा, हा आदेश साहेबांनी दिला. तो टाइप मी केला.' ती साहेबांबरोबर स्वतःलाही अडकवते. याला त्याने ठिगळ म्हटलं होतं.

त्याने तिथेच, ताईच्या टेबलावर, कागद ओढला. "तीस वर्षांपूर्वी ज्या चित्रपटाला मी पाच तारे दिले, तो मी पूर्ण पाहिला नव्हता," अशी सुरुवात केली आणि काहीही न लपवता लिहून काढलं. संपादकाला फोन केला. संपादक आधी हसला, मग म्हणाला, "अहो, लोक जोड्याने मारतील तुम्हाला."

"मारू द्या. उद्या छापा."

भाचीला त्याने चार वेळा फोन लावला. तिने उचलला नाही. का म्हणून उचलेल ती?

सोमवारी पहिल्या खेळाला तो ताईला घेऊन गेला. काखेत पेपर होता, पहिल्याच पानावर त्याची कबुली. थिएटरात वीसेक डोकी असतील. या खेपेला तो वहीपेन घरी ठेवून आला होता. शेवटचं रीळ तो पहिल्यांदा बघावं तसं बघणार होता आणि नामावली संपेपर्यंत उठणार नव्हता. ताईच्या हातावर त्याने हात ठेवला. बऱ्याच वर्षांनी.

टेबलावरचा फोन वाजला. बाईने तो उचलला.

"हो, साहेब."

पडदा काळा झाला. आणि दिवे लागले.

त्याला वाटलं, वीज गेली असेल, मशीन अडकलं असेल. तेवढ्यात दाराच्या पडद्याशी भाची उभी दिसली. डोळे सुजलेले. ती त्याच्याकडे न बघता आईशी बोलली, "काल संध्याकाळीच कापलं, आई. निर्माता म्हणाला, सगळे समीक्षक एका सुरात बोलतायत, पंधरा मिनिटं कमी करा. आजकाल कात्रीसुद्धा लागत नाही. सगळीकडे नवी फाइल गेली."

पुढच्या रांगेतला एक तरुण उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मग त्याच्या शेजारचा. "काय शेवट आहे यार!" कुणीतरी म्हणालं.

"थांबा!" तो ओरडला. स्वतःचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "बसा सगळे! संपला नाहीये सिनेमा! अजून एक रीळ आहे!"

लोक वळून बघू लागले. म्हातारा झोपेत होता की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. कुणीतरी हसलं. दारवानाने दोन्ही दारं उघडली, बाहेरचा उजेड आत आला आणि टाळ्या वाजवतच माणसं निघाली. तो पेपर उंच धरून रांगांच्या मध्ये उभा राहिला. कुणीही थांबलं नाही.