लिटरला अकरा

गाडी गल्लीत शिरली तेव्हा भिंतीकडेच्या स्कूटरींनी अंग चोरून घेतलं, असं केकवालीला वाटलं. जीप म्हणावी तर मऊ, मोटार म्हणावी तर उंच, आणि रंग ओल्या पाटीसारखा. काही वर्षं दुसऱ्याच्या घरी नांदून आलेली, पण तोरा अजून नव्या नवरीचा.

"दिवसभर चालवून बघा," जुन्या गाड्यांचा दुकानदार म्हणाला होता. "संध्याकाळी एक तर पैसे आणा, नाही तर किल्ली."

पैसे तिने लोण्यासाखरेतून साठवलेले होते. घोडं अडलं होतं पेट्रोलपाशी. नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा. डोळ्यांदेखत काटा फिरल्याशिवाय त्याचा कशावरही विश्वास बसत नसे.

"घ्यायला घेशील, पण पोसणार कशी?" तो गाडीभोवती फिरत म्हणाला. "हिला महागातलं पेट्रोल लागतं. हिच्या एका टायरच्या किमतीत आपल्या व्हॅनचे चारही येतील. त्यात लिटरला अकराच्या खाली अ‍ॅव्हरेज दिलं, तर तुझ्या प्रत्येक केकचा नफा हीच पिऊन टाकेल."

"आणि अकरा दिले तर?"

"तर मी एक शब्द बोलणार नाही."

"हे काही तुझ्याच्याने व्हायचं नाही, बाबू," सासूबाई दारातून लेकाला म्हणाल्या. त्यांनी आत्ताच स्वेटर चढवला होता.

गाडीशिवाय तिचं अडलं होतं. मागच्या महिन्यात व्हॅनने एका गतिरोधकावर अशी उडी घेतली, की तीन मजली केक दोन मजली झाला. तेव्हापासून लांबच्या कामांना ती नाहीच म्हणत होती. आज मात्र तिने शेजारच्या शहरातल्या लग्नाचा केक या गाडीच्या भरवशावर घेतला होता. दुकानदार म्हणाला होता, हिच्या चाकांवर लोखंडाच्या स्प्रिंगा नाहीत, हवेच्या उशा आहेत. हे ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती.

निघताना पंपावर नवऱ्याने टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. नोझल खट्ट करून थांबल्यावरही थेंब थेंब, तोंडाशी पेट्रोल चमकेपर्यंत.

"समोरच्या पडद्यावर अ‍ॅव्हरेज दिसतंय की," ती म्हणाली.

"तो पडदा म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासणारा विद्यार्थी. जाताना भरलं तसंच येताना भरायचं. टाकी ते टाकी, तेच खरं."

त्यांच्या घरात केक न्यायची एक रीत होती. जिने केक केला तिने गाडी चालवायची नाही, तिचं लक्ष सारखं मागे जातं. ती मागे केकजवळ बसायची. नवरा चालवायचा. एसी पूर्ण गार, म्हणून बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत तिघंही स्वेटरात. आणि सासूबाईंच्या मांडीवर एक छोटा जादा केक, वाटेत काही बिनसलं तर डागडुजीला. काम पास झालं की तो तिथेच, उभ्या उभ्या खायचा.

गाडी निघाली आणि केकवालीने श्वास धरला. पहिला खड्डा आला. गेला. वरच्या मजल्यावरची साखरेची फुलं नुसती लाजल्यासारखी हलली. दुसरा खड्डा तर तिला कळलाही नाही.

"आई, बघितलंत?"

"मी कुठली बघते, माझा तर डोळा लागत होता." सासूबाई मांडीवरचा डबा थोपटत गुणगुणायला लागल्या,

"हळूच चाल गं गाडे, नको वाट जागवू,
मांडीवरल्या माझ्या साखरबाळा नको रडवू."

नवरा केकच्या चालीने चालवत होता. पुढचा सिग्नल लाल दिसला की दुरूनच पाय उचलायचा, पेडलवर असा पाय ठेवायचा जणू खाली मांजर निजलंय. पडद्यावरचा आकडा साडेअकराच्या वर चढला. विश्वास नसलेल्या पडद्याकडे तो चोरून दर मिनिटाला बघत होता, आणि ती आरशात त्याच्याकडे.

हॉलवर मात्र टेबलच मांडलेलं नव्हतं. फुलवाला, मांडववाला आणि वधूचा मामा तिघं तीन दिशांना हात दाखवत होते. शेवटी केक उभा राहिला, सरळ, तिन्ही मजले जागच्या जागी. वधूच्या आईने लगेच फोन काढून फोटो घेतला. केकवालीला रडू आलं नाही एवढंच. ती जवळजवळ पळतच बाहेर आली.

गाडी घुरघुरत उभी होती. आत सासूबाई, मांडीवर जादा केक, एसी गार. नेहमीसारखा.

नेहमीसारखा. तिने वाकून पडद्याकडे बघितलं. इतका वेळ इंजिन चालू होतं, आणि एक पाऊलही न चालता गाडी पेट्रोल पीत होती. पडद्यावर दहा पूर्णांक दोन.

"एसी बंद करायचं कुणालाच सुचलं नाही?"

"मला म्हणतेस?" सासूबाई म्हणाल्या. "हलू नकोस, बोलू नकोस, काही दाबू नकोस, हे मला कोण शिकवून गेलं?"

तिच्यामागून आलेला नवरा हसला, पण मनापासून नाही. तिचं तोंड बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. "असू दे. काम तर झालं. चला, केक कापा. आणि येताना जरा हिचा दम बघू दे मला. मघापासून पायाला नुसत्या मुंग्या येतायत."

"केक कापायचा नाही," केकवाली म्हणाली.

"अगं, भूक लागलीय."

"घरी जाईपर्यंत तो आईंच्या मांडीवर राहील. अख्खा. आणि एसी बंद."

नवऱ्याने आईच्या मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. मग सासूबाई खुदकन हसल्या. "बस आता, बाबू. बाळ अजून माझ्या मांडीवरच आहे."

तिघांनी स्वेटर काढले, काचा उघडल्या. ऊन उतरत होतं, तरी क्रीम हळूहळू सैल व्हायला लागलं. आणि क्रीम जसजसं सैल होत गेलं, तसतसा नवऱ्याचा पाय हलका होत गेला. मागून एक ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला, मग एक टेम्पो, मग सायकलवरचा एक म्हातारा उतारावर त्यांच्याकडे दयेने बघत गेला.

"वळण आहे, जपून," सासूबाई म्हणायच्या. "हा डावीकडे कलतोय."

"मग तू उजवीकडे कल ना."

सासूबाई खरंच कलल्या. त्यांना बघून केकवालीही कलली. पडद्यावर दहा पाच, दहा आठ. ती आता केककडे बघतच नव्हती.

सकाळच्याच पंपावर गाडी लागली. "एकशे ऐंशी किलोमीटर," नवरा म्हणाला. "सोळा पूर्णांक तीन लिटरपर्यंत ठीक. पुढे गेलं की किल्ली परत."

पंपाचे आकडे पळू लागले. बारा. तेरा. चौदा. पंधराला खट्ट झालं. केकवालीने नवऱ्याचा दंड धरला.

"झालं ना?"

"सकाळी थेंब थेंब भरलं होतं," तो म्हणाला. "तसंच भरायचं."

त्या क्षणी त्याचा तिला रागही आला आणि त्याच्याइतकं खरं माणूस जगात नाही असंही वाटलं. पंपवाल्याने नोझल हलकेच दाबलं. साडेपंधरा. पावणेसोळा. सोळा. टाकीच्या तोंडाशी अजून अंधारच होता. सोळा पूर्णांक एक. आणि आत, विहिरीच्या तळाशी चांदणं दिसावं तसं, पेट्रोल चमकलं.

"बास," नवरा म्हणाला. त्याने मनात भागलं, पुन्हा भागलं. "अकराच्या वर. थोडंसंच, पण वर." मग एकदम पंपवाल्याचा हात हातात घेऊन तो जोरजोरात हलवू लागला. "अहो, अकराच्या वर. एवढा वेळ उभी राहूनसुद्धा."

"आणि टायर?" केकवालीने मुद्दाम विचारलं.

"मी एक शब्द बोलणार नाही म्हटलं होतं."

"टायर मी बघते. उद्यापासून लांबची कामं पुन्हा सुरू."

सासूबाईंनी बॉनेटवर डबा उघडला. केक म्हाताऱ्या माणसासारखा एका बाजूला कलला होता, पण उभा होता. सुरी आणायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. चौघांनी बोटांनीच खाल्ला, पंपवाल्याने दोनदा मागून घेतला.

मग पैसे घ्यायला गाडी घराकडे वळली. रस्ता मोकळा होता, मांडी रिकामी होती, आणि नवऱ्याने अखेर पाय दाबला. गाडी अशी झेपावली, की तिघंही सीटला चिकटली. केकवालीच्या तोंडून हसू फुटलं, लहानपणी झोपाळ्यावर फुटायचं तसं.

"अरे, हळू," सासूबाई ओरडल्या. "पोटातला केक सांडेल."