बान म्हणजे उचलून नेणं

बटणांच्या कारखान्यात मोठीबाईला विचारल्याशिवाय पान हलत नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं आणि ते खोडायची कुणाची छाती नव्हती. नवी यंत्रं आली, ती बसवायला चिनी मिस्त्री आला आणि लेक त्याच्याशी घडाघडा चिनी बोलू लागला, तेव्हा आधी तिला कौतुक वाटलं. त्या भाषेच्या क्लासला त्याला तिनेच तर घातलं होतं. मग हळूहळू खुपायला लागलं. आपल्याच छपराखाली आपल्याला न कळणारं बोलणं म्हणजे आपल्या चुलीवर दुसऱ्याने झाकण ठेवून शिजवणं.

"मला शिकव," ती मिस्त्रीला म्हणाली. "गुपचूप. कार्ट्याला त्याच्याच भाषेत झापते एकदा."

मिस्त्रीला मराठी येत होतं ते 'चहा' आणि 'बास' एवढंच. पण मोठीबाईचे हातवारे मुक्यालाही कळले असते. दुपारी लेक माल पोचवायला गेला की मिस्त्री तिच्या टेबलाशी येई. ती बटणं निवडत बसे आणि तो शिकवी. तो तिला 'आयी' म्हणे. त्याच्या भाषेत ते मावशीला म्हणतात, असं लेकाने सांगितलं होतं. तिला मात्र ते 'आई'च ऐकू येई, आणि ते तिने तसंच राहू दिलं.

त्याने बटणांचं पिंप दोन्ही हातांनी उचललं, कोपऱ्यातून दारापाशी नेऊन ठेवलं. "बान."

तिने चहाचा कप उचलून खिडकीत ठेवला. "बान?"

त्याने मान हलवली. "ना."

"नाही तर नाही. पण मग काय म्हणायचं ते सांग ना."

"ना," तो पुन्हा म्हणाला आणि कप उचलून दाखवला. एका हातात मावणारी वस्तू उचलायला 'ना' हाच शब्द आहे, हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत चहा थंड झाला.

मग स्टूल, बान. कपाट, बान. त्याने टेबलावरच्या भुशात दोन घरं काढली आणि एका घरातलं सगळं बोटाने ओढत दुसऱ्यात नेलं. तेही बान.

"म्हणजे बिऱ्हाड हलवणं. सगळ्याला एकच शब्द? शब्दांचे कंजूषच दिसता." तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि मला?"

तो हसला. दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली. माणूस आपल्या पायांनी जातो.

"बरं झालं. मला उचलणारा अजून जन्मायचाय."

त्याच सुमाराला लेकाला आईचा पुळका आला. "आई, मावशीकडे जाऊन ये थोडे दिवस. परवाची गाडी सांगितलीय. किती राबशील?" इतका गोड तो याआधी एकदाच बोलला होता, शाळेत नापास झाला तेव्हा. तरी तिने पिशवी भरली. लेक विचारतो, तेवढ्यानेही आईचं पोट भरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बटणं निवडत होती. लेक आणि मिस्त्री हाताच्या अंतरावर बोलत उभे होते. लेकाने आवाज खाली केला नव्हता. भिंतीसमोर कोण कुजबुजतं?

"बान," लेक म्हणाला. बोट पॉलिशच्या ड्रमवर. पुन्हा बान, बोट ड्रिल मशीनवर. मग कपाट, मग वजनकाटा, मग मालाची पिंपं. बोट तिच्या टेबलापाशी आलं, ते ओलांडून पुढे खिडकीकडे गेलं.

मिस्त्रीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो स्क्रू पिळायला खाली वाकला.

ड्रम काही पुसण्यासाठी उचलत नाहीत. उद्याची गाडी, मावशी, आराम, सगळं एका दोऱ्यात ओवलं गेलं. ही यंत्रं तिनेच हौसेने लेकाच्या नावावर घेतली होती. पोटच्या पोराने केसाने गळा कापला होता, तोही तिच्या समोर उभा राहून.

"कुठे बान?" तिने विचारलं.

"काय?"

"ड्रम. कुठे नेतोयस?"

लेकाचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं ते सोड. कुणी सांगितलं नाही, ते बघ."

तो मिस्त्रीकडे वळून चिनीत काहीतरी बोलू लागला.

"त्याच्याशी नाही. माझ्याशी बोल. मराठीत."

"सांगणारच होतो, आई."

"कधी? मी परत येऊन रिकाम्या भिंती बघितल्यावर?"

"नवी जागा मोठी आहे. तिथला माझा भागीदार म्हणतो, कारभार एकाच्याच हातात हवा. तुझं वय..."

"माझं वय मला ठाऊक आहे. उद्या काय करणार होतास, तेवढं बोल."

चिनीत एका दमात गेलेलं वाक्य मराठीत तुकड्यातुकड्यांनी आलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तू गेलीस की सगळं हलवणार होतो. तुला न सांगता."

"आयी," मिस्त्री हळूच म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस. शब्द शिकवलास आणि गोष्ट पोटात ठेवलीस."

त्याला शब्द कळले नसतील. त्याची मान मात्र खाली गेली.

"मावशीला फोन कर, मी येत नाही म्हणावं," ती लेकाला म्हणाली. "यंत्रं तुझी आहेत, ने. पण माझ्या डोळ्यांदेखत ने. माझा मुलगा चोर आहे, असं लोकांनी म्हणायला नको."

तिने बटणं पुढे ओढली. फुटकं कुठलं आणि धड कुठलं, बोटांना काही कळत नव्हतं. तरी ती निवडत राहिली, कारण लेक अजून समोर उभा होता.